समुद्राच्या रॉडसाठी ब्लँक निवडताना: आधी वजन, मग वाक, लेबल सगळ्यात शेवटी

मासेमारीचा स्वतःचा रॉड बांधायचा ठरवला की बहुतेकांचं मन आधी दोऱ्याच्या रंगात, ग्रिपमध्ये आणि गाईडच्या, म्हणजे लाइन ज्यातून जाते त्या कड्यांच्या, फ्रेममध्ये अडकतं. साहजिक आहे, ते डोळ्यांना दिसतं. पण गाईड कापून परत बांधता येतात, ग्रिप सोलून नवीन घालता येते, रील बसवायची जागा म्हणजे रील सीटसुद्धा जिवावर आलं तरी काढता येते. ब्लँक मात्र एकदा चुकला की सगळं बांधकाम वाया. म्हणून हा लेख फक्त ब्लँकवर, म्हणजे ज्याच्यावर अजून काहीही चढवलेलं नाही अशा त्या पोकळ, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या नळीवर.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. ब्लँकवर छापलेलं "मिडियम हेवी", "फास्ट", "२० ते ५० पौंड" हे सगळं त्या त्या कंपनीचं स्वतःचं माप आहे, सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच प्रमाण नाही. एकाचा हेवी दुसऱ्याचा मिडियम निघतो, आणि एकाच कंपनीच्या दोन सीरिजमध्येही हे होतं. त्यामुळे लेबलावरून सुरुवात करू नका. आपल्याला किती वजन फेकायचंय, माशाला किती किलोने ओढायचंय आणि ते ओढताना रॉड कुठून वाकायला हवा, हे आधी कागदावर लिहा. मग ब्लँक शोधा.

पहिली पायरी: ड्रॅग किलोमध्ये लिहा

लाइन किती पौंडाची यापेक्षा ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक ज्या ओढीला लाइन सोडायला लागतो ती ओढ, किती किलोचा हा आकडा महत्त्वाचा. मोनोसाठी, म्हणजे एकाच तंतूच्या लाइनसाठी, जुना हिशोब अजून चालतो, ड्रॅग म्हणजे लाइनच्या तुटण्याच्या ताकदीचा पाव ते एक तृतीयांश भाग. ३० पौंडाची मोनो म्हणजे साधारण १३.६ किलो, तर ड्रॅग साडेतीन ते साडेचार किलोच्या आसपास. ब्रेडच्या, म्हणजे विणलेल्या लाइनच्या, बाबतीत इथेच गफलत होते. ब्रेड बारीक असते म्हणून लोक खडकाला घासून तुटू नये यासाठी ५० किंवा ६५ पौंडाची भरतात, पण ड्रॅग मात्र ५-६ किलोच ठेवतात, आणि मग ब्लँक शोधताना ६५ पौंडाचा शोधतात. असा ब्लँक त्या ड्रॅगला नीट वाकतच नाही, काठी धरल्यासारखं वाटतं, मासा जवळ आल्यावर प्रत्येक झटका सरळ गळावर जातो आणि माशाच्या तोंडातलं गळाचं भोक मोठं होऊन मासा सुटतो. ब्रेडचा आकडा विसरा, ड्रॅगचा पकडा.

फेकायचा रॉड असेल तर दुसरा आकडा फेकायच्या वजनाचा. १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, म्हणजे ३ ते ६ औंसचा ब्लँक ८५ ते १७० ग्रॅमचा. यात एक पकडून ठेवायची गोष्ट अशी की किनाऱ्यावरून शिसं आणि आमिष दोन्ही फेकायचं असेल तर दोघांची बेरीज धरायची, आणि कंपनीने दिलेला आकडा नुसत्या शिशाचा आहे की आमिषासकट, हे विचारून घ्यायचं, कारण दोन्ही पद्धती चालतात. ४ औंस शिसं आणि त्यावर ५०-६० ग्रॅमचा माशाचा तुकडा म्हणजे तुम्ही ६ औंस फेकताय. रेंजच्या अगदी वरच्या टोकाला रोज फेकत राहणं मला पटत नाही, रोजचं वजन मधल्या भागात किंवा मधल्यापेक्षा थोडं वर बसलं पाहिजे.

दुसरी पायरी: लांबी, आणि ती कुणाच्या अंगावर येते

लांबी जास्त तर फेक लांब, हे सगळ्यांना माहीत आहे. पण लांबी म्हणजे माशाच्या हातात दिलेली पहार, हे कमी जण लक्षात घेतात. ड्रॅग ८ किलो आहे, आणि तुमच्या पुढच्या हातापासून लाइनच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर दीड मीटर आहे, तर हातावर आणि कंबरेवर येणारा भार ८ गुणिले १.५ म्हणजे १२. तोच ब्लँक खोल वाकून ते अंतर ०.९ मीटरवर आलं तर ७.२. ड्रॅग तोच, मासा तोच, आणि अंगावर येणारा भार साठ टक्क्यांवर येतो. ट्यूनासाठी उभं राहून लढायचे रॉड ५ ते ६ फुटांचे का असतात आणि जिगिंगचे, म्हणजे जड धातूचं आमिष पाण्यात खालीवर झटकायचे, ब्लँक गोल कमानीत का वाकतात, त्याचं उत्तर या हिशोबात आहे.

ढोबळ मानाने धरायचं तर उभी जिगिंग ५ ते ६.५ फूट, बोटीवरून पॉपर आणि स्टिकबेट ही नकली आमिषं फेकायला साडेसात ते साडेआठ फूट, खाडीत हलक्या लुअरसाठी (नकली आमिषासाठी) ७ फुटांच्या आसपास, वाळूच्या किनाऱ्यावरून १० ते १२ फूट, आणि उंच खडकावरून जिथे लाइन खालच्या धारदार कडेपासून लांब धरायची असते तिथे १० फुटांच्या वर. बोटीत छत असेल किंवा माणसं दाटीने उभी असतील तर सहा इंच कमीच घ्या.

तिसरी पायरी: पॉवर आणि अॅक्शन वेगळे करा

दोन्ही शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग चुकीची ऑर्डर जाते. पॉवर म्हणजे ब्लँक वाकवायला किती वजन लागतं, आणि अॅक्शन म्हणजे वाकताना तो कुठून वाकतो. फास्ट म्हणजे वाक टोकाकडच्या भागात, मॉडरेट म्हणजे मधल्यापर्यंत, स्लो म्हणजे पार हाताजवळपर्यंत. हेवी पॉवर आणि मॉडरेट अॅक्शन हे एकत्र असू शकतं, आणि समुद्रात तर ते बऱ्याचदा हवंच असतं.

फास्ट म्हणजे चांगला असा एक समज पसरलाय. जिग किंवा सॉफ्ट प्लॅस्टिकचं आमिष तळाशी टिचक्या देत खेळवायचं, लांबून गळ रोवायचा, तिथे फास्ट उत्तम. पण जिवंत आमिष फेकताना टोकाचा झटका आमिषाला गळावरून फाडतो, तिथे मॉडरेट पाहिजे. ट्रेबल म्हणजे तीन टोकांच्या गळांचे लुअर, मऊ तोंडाचे मासे, न ताणली जाणारी ब्रेड, या तिन्हीपैकी काहीही असलं तरी थोडा सावकाश ब्लँक मासा टिकवतो. मोठ्या पॉपरसाठी मला मॉडरेट फास्ट आवडतो: टोक पॉपरला पाण्यात घुसू न देता खेचू शकेल इतकं कडक, आणि खालचा अर्धा भाग १० किलोच्या ड्रॅगला वाकेल असा. खडकातून ग्रूपर उपटायचा असेल तर मात्र बटमध्ये, म्हणजे हाताकडच्या जाड भागात, दम हवाच, पहिल्या काही सेकंदात त्याला वर उचललं नाही तर तो भोकात गेला.

चौथी पायरी: ग्लास, कार्बन, की दोन्ही

ब्लँक कसा बनतो ते थोडक्यात. रेझिन आधीच मुरवलेलं फायबरचं कापड पॅटर्नप्रमाणे कापतात, निमुळत्या स्टीलच्या सळईवर म्हणजे मँड्रेलवर घट्ट गुंडाळतात, वरून टेप आवळून भट्टीत शिजवतात, मग सळई खेचून काढतात. सळईचा उतार आणि कापडाचा पॅटर्न मिळून वाक ठरतो. म्हणजे मटेरियल ही अर्धीच गोष्ट झाली, एकाच कार्बनमधून स्लो आणि फास्ट दोन्ही बनतात.

ग्लास फायबर जड, त्याची घनता साधारण २.६, कार्बनची १.८. पण ग्लासचा तंतू तुटण्याआधी जवळपास ४ ते ५ टक्के ताणला जातो आणि कार्बनचा दीड ते दोन टक्के. हा फरक समुद्रात फार मोलाचा. बोटीच्या कठड्यावर आपटणं, रॉड होल्डरमध्ये हिसके खाणं, नवख्या माणसाने रॉड फारच उभा धरणं, हे सगळं ग्लास सहन करतो. ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे आमिष ओढायला), खोल पाण्यात शिसं सोडून बसायला, किंवा मुलांच्या हातात द्यायला ग्लास अजूनही पहिली पसंती. ग्लासमध्येही दोन जाती, ई ग्लास आणि एस ग्लास, त्यातला एस जास्त कडक आणि मजबूत, म्हणून तेवढ्याच ताकदीचा ब्लँक थोडा हलका होतो.

कार्बन कडक, हलका, आणि टोक झटकन सरळ होतं, त्यामुळे फेक आणि तळाची जाणीव दोन्ही चांगली. त्याचा मोड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, मोजायच्या दोन पद्धती दिसतात. अमेरिकन आकडे मिलियन पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच), उदाहरणार्थ ३३ किंवा ४२, आणि जपानी आकडे टनांमध्ये (प्रति चौरस मिमी), २४, ३०, ४० असे. अमेरिकन आकड्याला ०.७ ने गुणलं की टन मिळतो, म्हणजे ३३ मिलियन म्हणजे साधारण २३ टन, ४२ म्हणजे जवळपास ३०. त्यामुळे ४० टन आणि ४२ मिलियन शेजारी ठेवून एकसारखे समजू नका. आणि मोड्युलस म्हणजे कडकपणा, मजबुती नव्हे. आकडा जितका वर तितकं कमी कापड लागतं, भिंत पातळ होते, ब्लँक हलका होतो, आणि २०० ग्रॅमचं जिग डोलत येऊन आदळलं की ओरखडा किंवा आतली इजा व्हायची शक्यता वाढते. दिवसभर हलके लुअर फेकायला हाय मोड्युलस सुंदर, पण खाऱ्या पाण्यातल्या दांडग्या कामाला २४ ते ३० टनांच्या आसपासचा, थोडी जाड भिंत असलेला कार्बन मी आधी बघेन.

कंपोझिट म्हणजे दोन्हीचं मिश्रण. कुठे बट कार्बनचा आणि टोक ग्लासचं, कुठे आलटून पालटून थर. बोटीवरच्या बऱ्याचशा कामांना हा मधला मार्ग खरंच छान बसतो, आणि पहिलाच रॉड बांधत असाल तर माझं मत कंपोझिटला.

व्यास आणि भिंत, जे कॅटलॉगमध्ये असूनही कुणी वाचत नाही

बटचा व्यास आणि टोकाचा व्यास जवळपास प्रत्येक कॅटलॉगमध्ये दिलेला असतो आणि त्यातून खूप काही कळतं. पातळ भिंतीच्या नळीचा कडकपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे भिंत तेवढीच ठेवून व्यास १० टक्के वाढवला तर कडकपणा ३३ टक्के वाढतो. कंपनीला हलका ब्लँक करायचा असेल तर सोपा रस्ता म्हणजे व्यास वाढवा आणि भिंत पातळ करा. हातात घेतल्यावर पिसासारखा हलका. पण वाक तोच असताना जाड नळीच्या बाहेरच्या कडेला ताण जास्त पडतो, शिवाय पातळ भिंत दाबली जाऊन गोलाची अंडाकृती व्हायला लागते, आणि ब्लँक तुटायची सुरुवात बऱ्याचदा तिथून होते. म्हणून दोन ब्लँक सारख्याच रेटिंगचे आणि सारख्याच मटेरियलचे असतील, एक बारीक पण थोडा जड आणि दुसरा जाडा पण हलका, तर दणकट कामाला बारीक-जड घ्या. पातळ भिंत घ्यायचीच असेल तर तंतू आडवेतिडवेही गुंडाळलेत का ते विचारा, नळी चपटी होण्यापासून तेच तंतू वाचवतात.

हेच आकडे पुढे खरेदीलाही लागतात. टिप टॉपचं, म्हणजे टोकावर बसणाऱ्या कडीचं, माप इंचाच्या ६४व्या भागात असतं, एक भाग साधारण ०.४ मिमी, म्हणजे ८ नंबरची टिप जवळपास ३.२ मिमीच्या टोकावर बसते. रील सीटचा आकडा साधारण मिमीतला, १६, १८, २०, २२, २४ वगैरे. बट १३ मिमीचा आणि सीट २० ची असेल तर मधली जागा भरायला आर्बर लागणार. तिथे मास्किंग टेपचे वेटोळे खाऱ्या पाण्यासाठी वापरू नका, पाणी शिरलं की ते कुजतात आणि सीट हलायला लागते. पॉलियुरेथेन फोमचे किंवा ग्राफाइटचे आर्बर आणि भरपूर इपॉक्सी.

नाव वाचायचं कसं

ब्लँकच्या कोडमध्ये बहुतेक वेळा लांबी लपलेली असते. लॅमिग्लासचा किनाऱ्यावरून फेकायचा जीएसबी १३२ १एम हा जुना नावाजलेला ब्लँक घ्या, १३२ म्हणजे इंच, म्हणजे ११ फूट, आणि शेवटचा एम पॉवरसाठी. काही कंपन्या ७ फुटांना ८४ लिहितात, काही ७०. कोड उलगडून दिलेलं पान प्रत्येक कंपनीच्या कॅटलॉगमध्ये असतं, ते वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

एकसंध की दोन तुकडे

एकसंध ब्लँकचा वाक सलग येतो आणि सांध्याची काळजी नाही, पण प्रवास आणि पार्सल अवघड. बोटीवरच्या लहान रॉडला दुसरा विचारच नको. लांब रॉडला सांधा घ्यावाच लागतो, त्यात बटला जोड असलेला प्रकार, जिथे वरचा सगळा वाकणारा भाग एकसंध राहतो, तो मला सगळ्यात पटतो. मधोमध सांधा असेल तर दोन तुकडे जोडल्यावर थोडी फट उरायला हवी, वापरून सांधा झिजत जातो तसा तो आत सरकायला जागा लागते. नव्यातच पूर्ण मिटत असेल तर बदलून मागा.

मीठ नेमकं कुठे खातं

ब्लँक स्वतः गंजत नाही, ना ग्लास ना कार्बन. पण कार्बन वीज वाहतो, आणि खाऱ्या पाण्यात कार्बनला अॅल्युमिनियम चिकटून राहिलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पावडर सुटते. त्यामुळे कार्बन ब्लँकवर अॅल्युमिनियमची सीट किंवा बट बसवायचा बेत असेल तर मधे इपॉक्सीचा सलग थर आलाच पाहिजे, धातू उघड्या कार्बनला कुठेही टेकता कामा नये. कार्बन वीज वाहतो याचा दुसरा अर्थ असा की वीज कडाडत असताना किंवा वरून विजेच्या तारा जात असतील तिथे कार्बनचा लांब रॉड उभा धरायचाच नाही.

हातात आल्यावर तपासणी

पार्सल उघडल्याबरोबर, नाव लिहायच्या आधी, दिवसाच्या उजेडात. बट डोळ्याजवळ धरून टोकाकडे बघा, थोडा बाक जवळपास प्रत्येक ब्लँकला असतो, सौम्य असेल तर चालतो, पण अचानक कोपरा दिसला तर परत. सपाट टेबलावर लोळवा. बटच्या भोकात बघा, भिंत सगळीकडून सारख्या जाडीची हवी. मग पूर्ण लांबीवर बोटं फिरवा, कच्च्या ब्लँकवर टेपच्या बारीक गोल रेघा असतात, त्या दोष नाहीत. उलट घासून गुळगुळीत केलेल्या ब्लँकवर चमक छान असली तरी घासताना बाहेरचे तंतू कापले गेलेत का ते बघावं लागतं. फुगा, खड्डा, दुधाळ डाग, नखाला अडकणारी चीर, यातलं काहीही दिसलं तरी ठेवून घेऊ नका.

आता खरी परीक्षा, वजन लावून

विल्यम हॅनेमन यांनी कॉमन सेंट्स नावाची पद्धत मांडली, त्यात ब्लँकचा बट आडवा पक्का धरून टोकाला नाणी लटकवतात, आणि टोक ब्लँकच्या लांबीच्या एक तृतीयांश इतकं खाली यायला किती वजन लागलं त्यावर पॉवर ठरते. टोक त्या वेळी आडव्या रेषेशी जो कोन करतं त्यावर अॅक्शन, ६६ अंशांच्या वर म्हणजे फास्ट, ५९च्या खाली म्हणजे स्लो. मूळ पद्धत हलक्या रॉडसाठी, पण समुद्राच्या ब्लँकला नाण्यांऐवजी पाण्याची बाटली लावली की तीच चालते, कारण १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम.

करायचं असं: बटचा जो भाग पुढे हँडलमध्ये जाणार तेवढा कापडात गुंडाळून टेबलाला क्लॅम्प करा, फार आवळू नका. टोकाला टेपने घट्ट केलेल्या दोरीचा फास, त्याला रिकामी बाटली, आणि हळूहळू पाणी. ७ फुटी ब्लँकचा ६ फूट भाग बाहेर असेल तर टोक २ फूट खाली येईपर्यंत. बाटलीसकट वजन लिहा, बाजूने फोटो काढा, फोनवर कोन मोजा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्लँकची तुलना करायची हीच खरी रीत, आणि तुमच्याकडे जो आवडता जुना रॉड असेल त्याचाही आकडा काढून ठेवा, पुढच्या प्रत्येक खरेदीला तो मापदंड होतो. फक्त जुन्या रॉडवर गाईड आहेत, नवा ब्लँक उघडा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी चाचणी ड्रॅगची. ब्लँक हातात धरून, टोकाची दोरी जमिनीजवळ बांधलेल्या स्प्रिंग काट्याला लावा, आणि पहिल्या पायरीत लिहिलेल्या किलोपर्यंत सावकाश ओढा. डोळ्यांवर चष्मा हवाच आणि टोकाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. बट आणि दोरी यांच्यातला कोन ९० अंशांच्या आतच ठेवा, त्यापलीकडे सगळा भार टोकाच्या बारीक भागावर जातो आणि चांगला कार्बनही तिथे तुटतो. भिंतीच्या पार्श्वभूमीवर फोटो काढला की वाक स्पष्ट दिसतो. त्या किलोला ब्लँकचा खालचा तिसरा भाग वाकायला नुकती सुरुवात करत असेल तर जोडी जमली. पूर्ण बट वाकून संपला असेल तर ब्लँक कमजोर, आणि फक्त टोकच वाकत असेल तर तुमच्या ड्रॅगसाठी तो जास्त ताठ आहे.

लांबी कापायची असेल तर

टोकाकडून कापलं की पॉवर वाढते आणि अॅक्शन सावकाश होते, दोन-तीन इंचांतही फरक जाणवतो. बटकडून कापलं तर टोकाचा स्वभाव जवळपास तसाच राहतो, लांबी आणि तळाची ताकद कमी होते. म्हणून नुसती लांबीच नको असेल तर बटकडून कापा, आणि आधी तेवढा भाग क्लॅम्पमध्ये धरून वरची बाटलीची चाचणी परत करून बघा, म्हणजे कापायच्या आधीच निकाल कळतो. कापताना बारीक दातांची करवत किंवा घासून कापणारी चकती, खाली टेपचा वेढा, आणि तोंडावर मास्क, कार्बन आणि ग्लासची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

स्पाइनबद्दल, म्हणजे ब्लँकच्या जास्त कडक बाजूबद्दल, लोक तासनतास वाद घालतात. ब्लँक एका बाजूला थोडा जास्त सहज वाकतो हे खरं, पण गाईड वर असलेला रॉड ओढताना हातात फिरतो तो मुख्यतः लाइन वरून ओढते म्हणून, स्पाइन कुठेही ठेवलीत तरी फिरणारच. फिरणं थांबवायचं असेल तर गाईड वळवून खालच्या बाजूला न्यायचे, म्हणजे स्पायरल रॅप. मी ब्लँकचा सरळ दिसणारा अक्ष निवडतो आणि पुढे जातो.

शेवटचं काम चिकटवायच्या आधीचं. गाईड आणि सीट टेपने तात्पुरते बांधा, रील लावा, तुमचं ठरलेलं वजन लावून मोकळ्या जागी हलक्या हाताने काही फेकी मारा. गाईडचं वजन चढलं की टोक मंदावतं, जड दुपायी गाईड असतील तर चांगलंच मंदावतं, आणि फास्ट वाटलेला ब्लँक मॉडरेट फास्ट होऊन बसतो. तसं झालं तर टोकाकडचे गाईड हलके, एकपायी घ्या आणि परत फेकून बघा. पटला की बटच्या आतल्या बाजूला मार्करने बाटलीचं वजन, कोन आणि तारीख लिहा, आणि मग इपॉक्सी कालवायला घ्या.